आलेखाबाहेरचा बिंदू

अपर्णा रामटेकेला रक्त बघवत नसे, आणि गेली काही वर्षं तिचं सगळं काम रक्तावरच चाललं होतं. नळीतलं असो की बोटावरचं, ते दिसलं की तिच्या पायांतलं बळ जाई. म्हणून रुग्णांचं रक्त काढायचं काम हरिदास या तंत्रज्ञावर सोपवून ती भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. तेच रक्त सूक्ष्मदर्शकाखाली गेलं की मात्र तिची भीती पळे. तिथं तिला फक्त वाहणारे कण दिसत, आणि कण कसे वाहतात, कुठं तटतात हा तर तिचा प्रांत होता. नागपूरला तिनं भौतिकशास्त्रात पीएचडी केली तीच मुळी वाळूवर. नरसाळ्यातून पडता पडता वाळू मध्येच का अडकते, एवढ्या एका प्रश्नावर तिनं उमेदीची वर्षं घातली. "एवढी शिकून रेती चाळून राहिली का तू?" असं तिच्या आईनं, कांताबाईनं, तेव्हा चारचौघांत विचारलं होतं.

आता ती रायपूरला विद्यापीठात शिकवत होती आणि वाळूच्या जागी रक्त आलं होतं. ते उगाच आलं नव्हतं. घरात सिकल, म्हणजे सिकलसेल हा रक्ताचा आजार, होता. विदर्भातून रेल्वेच्या नोकरीपायी इकडे आलेल्या कितीतरी बौद्ध घरांत तो आहे, छत्तीसगढच्या गावागावांत आहे. आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून दोष आला की मूल आजारी निघतं. अपर्णाची मोठी बहीण यशोधरा शाळेत असतानाच गेली. गोंदियाकडच्या एका लग्नाहून परतताना तिच्या हातापायांत, छातीत कळा सुटल्या आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. तेव्हा या रोगाचं नावही घरात कुणाला ठाऊक नव्हतं. बुद्धाच्या तसबिरीखाली तिचा दोन वेण्यांतला फोटो अजून आहे, आणि कांताबाई तो रोज पदरानं पुसते. पुढे अपर्णाच्या भावाला, इंद्रजीतला, मुलगी झाली, पिंकी, आणि तो दोष पुन्हा दोन्हीकडून आला.

अपर्णाचं गणित सांगायला तसं सोपं आहे. तांबडी पेशी फुप्फुसातून प्राणवायू घेऊन निघते, बारीक वाहिनीत शिरते, तिथं तो उतरवते आणि परत फिरते. सिकलच्या पेशीतला प्राणवायू उतरला की आतले हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांत गुंतून त्यांचे ताठ धागे होऊ लागतात. पेशी वाकडी होते, कडक होते, वाहिनीत अडकते, मग तिच्या मागच्याही अडकतात आणि माणूस कळांनी तळमळतो. पण धागे धरायला जरा वेळ लागतो. तेवढ्या उसंतीत पेशी अरुंद वाटेतून बाहेर पडली तर सुटली. ही उसंत मोजायचं काम अपर्णाचं. केसाएवढ्या नळ्या कोरलेल्या पारदर्शक पट्टीतून ती रक्त सोडायची, त्यातला प्राणवायू कमी करायची आणि वाट किती वेळानं तुंबते ते पाहायची. नवल असं, की पेशीतलं हिमोग्लोबिन किती दाट आहे यावर ही उसंत विलक्षण अवलंबून असते. दाटपणा शंभरात एकानं वाढला तर ती पाव हिश्शानं घटते, शंभरात पाचानं वाढला तर पावपटच उरते. वर्गात ती हे समीकरण फळ्यावर मांडायची तेव्हा मुलं आधी विश्वासच ठेवत नसत.

पिंकीला भिलाईच्या बाजूच्या एका नर्सिंग कॉलेजात प्रवेश मिळाला तेव्हा इंद्रजीत साफ नाही म्हणाला होता. रोजची बस, रोजची दगदग, पोरीला झेपायची नाही. त्या वेळी अपर्णानं लॅपटॉप उघडून त्याला आपला आलेख दाखवला. आडवी उसंत, उभं दुखणं, आणि एकेक रुग्ण म्हणजे एकेक बिंदू. ज्याची उसंत मोठी त्याचं दुखणं कमी, ज्याची लहान त्याचं जास्त, आणि सगळे बिंदू एका तिरक्या रेषेला धरून. पिंकीची उसंत चांगली लांब होती. "दादा, हिचं रक्त चांगल्यापैकी आहे. जाऊ दे तिले. मी सांगतो ना," असं ती छातीला हात लावून म्हणाली होती. बहिणीच्या शिक्षणापुढं इंद्रजीतनं मान तुकवली.

आणि दिवाळीनंतर पिंकीचं दुखणं जे सुरू झालं ते थांबायचं नाव घेईना. सिकलची रोजची गोळी ती चुकवत नव्हती, डॉक्टरांच्या तारखा पाळत होती, तरी महिन्या-दीड महिन्यानं दवाखान्यात भरती व्हायची. या चैत्रात ती तिथून घरी आली त्या दुपारी इंद्रजीत रेल्वेच्या वॅगन रिपेअर शॉपमधून अर्धी सुट्टी टाकून आला, आणि बूट न काढताच बोलला.

"बस झालं आता. या महिन्यातले पेपर होऊ दे. मंग नाव काढून घेतो."

"दादा, तिचं रक्त..."

"तुह्या मशीनमधी तिचं रक्त फर्स्ट क्लास आहे, मालूम आहे मले. तूच सांगतलं होतं. इथं घरात पोट्टी कण्हून राहिली. आता तूच सांग, मशीनचं आयकू का पोट्टीचं?"

पिंकी खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. बाप बाहेर गेल्यावर ती म्हणाली, "आत्या, मुझे नर्स ही बनना है. मुझे जितने लोगों ने सुई लगाई ना, उनमें से आधों को नस पकड़ना नहीं आता." मराठी तिला सगळी कळायची, पण तिच्या वयाच्या बहुतेकांसारखी ती उत्तर हिंदीत द्यायची. बोलताना ती हसली, पण डोळे भरून आले होते. शब्द अपर्णानं दिला होता आणि भोगत होती ती पोर.

विभागातले शिशिर सर या कामात तिचे सोबती होते. सर रायपूरच्या जुन्या तात्यापारा वस्तीतले, भोसल्यांच्या काळी इकडे आलेल्या घराण्यातले. आपल्या घरची मराठी अजून अस्सल पुणेरी आहे असा त्यांचा समज होता आणि तो मोडायची कुणाची छाती नव्हती. माणूस मात्र सरळ. आलेख पडद्यावर लावून ते बराच वेळ पाहत राहिले. सगळे बिंदू शहाण्यासारखे रेषेच्या आसपास, आणि एकटा पिंकीचा पार वर, कोपऱ्यात.

"अपर्णा, एकच तर बाहेर आहे. तळटीप द्या आणि वगळून टाका. एकासाठी पूर्ण रिसर्च पेपर अडवायचा म्हणजे अतीच होतंय."

"सर, तो बिंदू माझ्या घरी राहतो."

"म्हणून तर म्हणतोय. आपल्या माणसाचा बिंदू आपल्याला नीट दिसत नाही."

त्यात खोटं काही नव्हतं, म्हणूनच अपर्णाला राग आला. तिनं पट्ट्या तपासल्या, तापमान तपासलं, प्राणवायूचं माप तपासलं. पिंकीच्या रक्ताचं जुनं चित्रण परत परत लावून पाहिलं. पेशी मऊसूत वाहत होत्या, एकीला दुसरीचा अडसर नव्हता. समीकरण निर्दोष होतं, यंत्रही निर्दोष होतं, आणि पोर मात्र आजारी होती. अपर्णानं हात टेकले. शेवटी तिनं रजा टाकली आणि एक दिवस पिंकीबरोबर कॉलेजला जायचं ठरवलं. तिथं काय पाहायचं हे तिलाही माहीत नव्हतं. नुसतं घरी बसून राहवत नव्हतं, एवढंच.

सकाळी निघताना तिनं माठातून पेलाभर पाणी घेतलं तर कांताबाईनं दारातूनच हटकलं. "घोटभर पे, जास्त नको. रस्त्यात पंचाईत होते." अपर्णानं घोटभर पिऊन पेला ठेवून दिला. पिंकीच्या पिशवीत तिच्या आईनं भरून दिलेली बाटली होती. टाटीबंधला बस मिळाली. कुम्हारी येईपर्यंत ऊन खिडकीतून मांडीवर आलं होतं आणि बसचा पत्रा तापला होता. पिंकी मैत्रिणींशी गप्पांत रंगली होती, आत्याला मात्र घाम पुसायला रुमाल पुरत नव्हता.

कॉलेज बरं होतं. पिंकी वर्गात गेली, अपर्णा वाचनालयात बसली. मध्ये तिला बाथरूमला जावंसं वाटलं तेव्हा कळलं, की मुलींच्या बाथरूमला कुलूप असतं, किल्ली ऑफिसात बाबूकडे. ती दारापर्यंत गेली. आत चार पुरुष फायली घेऊन बसले होते. तिच्या पुढं उभ्या असलेल्या मुलीनं किल्ली मागितली तर बाबूनं आधी घड्याळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि म्हणाला, "फिर से?" मुलगी लाजेनं लाल झाली. अपर्णा एरवी नाकावर माशी बसू न देणारी बाई, पण तीही पाय न वाजवता मागे फिरली. जाऊ दे, संध्याकाळी घरीच जाऊ, असं तिनं ठरवून टाकलं. असं ती आयुष्यभर ठरवत आली होती.

दुपारी दोघी कँटीनमध्ये बसल्या. अपर्णाचं डोकं ठणकत होतं. पिंकीचे ओठ सुकले होते आणि बाटली मात्र सकाळी भरलेली तशीच होती.

"पाणी पे ना जरा," अपर्णानं बाटली तिच्याकडे सरकवली.

पिंकी हसली. "क्यों? आज ब्लड लेना है क्या?"

"म्हणजे?"

"तुम ही तो बोलती हो. ब्लड देना है तो सुबह से पानी पीके आना, नस अच्छी मिलती है. उस दिन पीती हूँ ना. कॉलेज के दिन कौन पीता है, आत्या? जाएँगे कहाँ?"

अपर्णानं हातातला समोसा बशीत परत ठेवला. पिंकीनं दोनदा विचारलं, काय झालं म्हणून.

रक्त द्यायच्या दिवशी पिंकीला सुट्टी असायची. ती घरी आरामात उठायची, पोटभर बासी, म्हणजे रात्री पाण्यात भिजत घातलेला भात, खायची, त्यातलं आंबट पाणीही पिऊन टाकायची, वर आणखी पाणी प्यायची आणि मग प्रयोगशाळेत यायची. अपर्णाच्या यंत्रात येत होती ती फोटो काढायला नटून आलेली पिंकी. बसमधली, वर्गातली, दिवसभर उन्हात सुकलेली पिंकी त्या यंत्रानं कधी पाहिलीच नव्हती. पाणी कमी पडलं की अंगातली प्रत्येक पेशी सुकते, आतलं हिमोग्लोबिन दाट होतं, आणि त्या दाटपणाचं काय होतं ते अपर्णा दरवर्षी फळ्यावर लिहीत होती. तिला स्वतःचा भयंकर राग आला. दाटपणा समीकरणाच्या पहिल्याच ओळीत होता. पाणी तिच्या मनात कधी आलं नव्हतं, कारण बाईमाणसानं घराबाहेर पाणी न पिणं ही तिच्या लेखी सांगण्यासारखी गोष्टच नव्हती. ती स्वतः तशीच तर बसली होती, ठणकतं डोकं घेऊन.

तिनं तिथूनच हरिदासला फोन करून थांबवून घेतलं. मग पिंकीला सगळं समजावून सांगितलं, आणि दिवस नेहमीसारखा काढायला तयार आहेस का ते विचारलं. नको वाटलं तर नको, असंही म्हणाली. पिंकीनं बाटली पिशवीत टाकली. "एक दिन और सही. पापा को दिखाना है ना?"

बसमधून उतरून दोघी थेट प्रयोगशाळेत आल्या. हरिदासनं दंड बांधला, टिचक्या मारल्या, सुई घातली, काढली, परत घातली. शीर काही सापडेना.

"मॅडम, पाणी पाजून आणायचं ना!" तो वैतागून म्हणाला.

"आज नाही पाजायचं."

"भैया, इधर देखो, कलाई के पास," पिंकीनं दुसरा हात पुढं केला आणि बोटानं नेमकी जागा दाखवली. अपर्णा या खेपेस भिंतीकडे वळली नाही. टेबलाची कड धरून ती उभी राहिली आणि नळी भरेपर्यंत पाहत राहिली. मग आधी पिंकीच्या हातात पाण्याची बाटली दिली.

पट्टीतून रक्त सुटलं. सुरुवातीला पेशी नेहमीसारख्या आल्या. मग प्राणवायू उतरला, आणि बघता बघता एक पेशी वळणाशी ताठली, तिच्यावर दुसरी येऊन टेकली, तिसरी आडवी पडली. शेजारची नळी तुंबली, तिच्या पलीकडची तुंबली. उसंत म्हणून काही उरलीच नव्हती. पिंकी पडद्याला नाक लागेल एवढी पुढं झुकली.

"ये मैं हूँ?"

"हो. संध्याकाळची तू."

पिंकीनं बाटली तोंडाला लावली आणि उभ्या उभ्या रिकामी केली.

रविवारी सकाळी, भरपूर पाणी पिऊन, तिचं रक्त पुन्हा घेतलं. ते मऊसूत वाहिलं. अपर्णानं संध्याकाळचा आकडा आलेखात भरला तेव्हा कोपऱ्यातला तो एकटा बिंदू डावीकडे सरकला आणि रेषेवर येऊन बसला. एका मुलीच्या दोन नमुन्यांनी काही सिद्ध होत नाही, हे तिला कळत होतं. आता सगळ्यांनाच पुन्हा बोलवावं लागेल, त्यांच्या कामाच्या दिवशी, त्यांच्या कामाच्या वेळी. पेपर लांबणार होता. त्याचं तिला वाईट वाटलं नाही.

घरी तिनं लॅपटॉप इंद्रजीतपुढं ठेवला आणि दोन्ही चित्रणं शेजारी शेजारी लावली. पिंकी कॉलेजात पाणी का पीत नाही, तेही किल्लीसकट सांगितलं. त्याला समीकरण सांगायची गरज पडली नाही. ज्याचा जन्म मालगाड्यांच्या डब्यांत गेला, त्याला एक डबा तटल्यावर मागच्या सगळ्यांचं काय होतं हे सांगावं लागत नाही. तो पुन्हा पुन्हा पाहत होता.

"गोळी घेऊन राहिली तरी असं?"

"गोळी आपलं काम करतेच दादा. पण आपण दिवसभर पेशी वाळवून ठेवल्यावर ते बिचारी किती पुरी पडंल? आजार जाणार नाही यानं. पण इतक्या डाव भरती होणार नाही, असं मले वाटते. वाटते म्हणतो, या डाव शब्द नाही देत."

पिंकी दाराशी उभी होती, जीव मुठीत धरून. इंद्रजीतनं वर न पाहता विचारलं, "थ्या संडासची किल्ली कोणापाशी राहते म्हणली?"

"ऑफिस में. बाबू के पास."

"उद्या मी येतो तुह्यासंग. सुट्टी टाकतो. पाहू बाबू काय म्हणते तं."

"और नाम, पापा? कटवाओगे?"

"राहू दे सध्या," इंद्रजीत म्हणाला आणि तोंड धुवायला उठून गेला. पिंकीनं आत्याला अशी मिठी मारली, की लॅपटॉप पडता पडता वाचला. कितीतरी महिन्यांनी अपर्णाला मोकळं वाटलं.

ती पाणी प्यायला आत गेली. स्वयंपाकघरात कांताबाई माठाजवळ पाटावर बसली होती. मघापासून ती दाराआडून सगळं ऐकत होती, हे अपर्णाच्या लक्षात आलं नव्हतं. चुलीवर काही नव्हतं, हातात काही काम नव्हतं. ही बाई अशी रिकामी बसलेली अपर्णानं कधी पाहिली नव्हती.

"अप्पू, बस इथं." आवाज खाली गेलेला होता. "एक सांग मले. यशू..."

अपर्णा बसली.

"लग्नाहून येऊन राह्यलो होतो आमी. वैशाख होता. तिनं बसमधी पाणी मांगतलं मले. एक डाव नाही, किती डाव मांगतलं. लोटा होता माह्यापाशी. मी म्हणलं, घरी गेल्यावर पे. बस कुठं थांबते, न् तू आता लहान आहे का." कांताबाईनं पदर तोंडाशी नेला आणि परत खाली घेतला. "माह्या मायनं मले हेच शिकवलं, मी तिले शिकवलं. खरं सांग. पाण्यानं वाचली असती का माही पोरगी?"

वैशाखातली भर दुपार, तापलेली बस, सकाळपासून कोरडं अंग. अपर्णाला काही मांडावं लागलं नाही, उत्तर आपोआप डोळ्यांपुढं आलं. नक्की वाचली असती असं नाही म्हणता येणार, पण जे म्हणता येत होतं ते पुष्कळ होतं. आई तिच्या तोंडाकडे पाहत होती.

"नाही आई," ती म्हणाली. "तवा गोळी नव्हती, इलाज नव्हता, डॉक्टरलेही मालूम नव्हतं. तिचा आजारच मोठा होता. पाण्यानं काई फरक नसता पडला."

"तुह्या गणितात पाह्यलं तू?"

"पाह्यलं."

कांताबाईनं ते खरं मानलं की मानायचं ठरवलं, ते तिचं तिलाच माहीत. मग तिनं माठावरचं झाकण काढलं, पेला काठोकाठ भरला आणि लेकीपुढं धरला. "पे," ती म्हणाली. "पुरा पे."

सोमवारी अपर्णानं आलेख नव्यानं काढून शिशिर सरांना पाठवला. पिंकीचे दोन्ही बिंदू त्यात होते, सकाळचा आणि संध्याकाळचा, आणि खाली त्यांची हकिगतही लिहिली होती. सरांनी फोन करून शाबासकी दिली. तो एकटा वगळला नाहीत हे फार चांगलं झालं, असं म्हणाले. अपर्णा हो म्हणाली. आणखी एक बिंदू तिनं वगळला होता, तो तिनं त्यांना सांगितला नाही.